झेन ९७ चं इंजिन बांधलं आणि गाडी आधीपेक्षा मरगळली, रनिंग (नवीन काम मोकळं होणं) म्हणून थांबू की परत खोलू?

पेठेतला_झेनवाला

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसता वाचतोय इथं, आज पाळी माझ्यावर आली. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

गाडी १९९७ ची झेन, कार्बोरेटरवाली, ९९३ सीसी. बाबांनी कोरी घेतलेली, मी गाडी शिकलो ती रंकाळ्याला चकरा मारत ह्याच्यावरच, त्यामुळे विकून टाक म्हणणाऱ्यांनी इथनंच मागं फिरावं. १ लाख ७० हजार किमी झालेत. गेली दोन वर्षं निळा धूर, हजार किमीला लिटरभर ऑइल पिणार, प्लग काढावा तर काळाकुट्ट. शेवटी दिवाळीनंतर फुल इंजिन कामाला टाकली. बिलावर आहे ते लिहितो, बोअर करून ०.५० चे ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, सगळे बेरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळी पॅकिंग, ऑइल सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट. खर्च विचारू नका, घरात पण अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

आता रडगाणं. धूर गेला, ऑइल खायचं बंद झालं, तेवढं झकास. पण गाडीत जीवच नाही राहिला. सकाळी सेल्फ मारमार मारायचा मग कशीतरी उठते, स्लोला बऱ्यापैकी चालते, पण जरा दाबली की कार्बोरेटरमधनं फट्ट फट्ट. मागच्या रविवारी पन्हाळ्याला चौघं निघालो तर वाघबीळाच्या चढाला तिसऱ्यात मान टाकली, दुसऱ्यावर आलो, तापमानाचा काटा लालच्या जवळ, एसी बंद करून खिडक्या उघड्या टाकून गेलो. मागनं येणारा टमटमवाला पण हॉर्न मारत पुढं गेला, ते लागलं मनाला. ॲव्हरेज ११ च्या आसपास, आधी धूर मारत होती तरी १५ द्यायची.

मिस्त्रीकडं तीनदा नेली. पहिल्यांदा कार्बोरेटर धुतला, दुसऱ्यांदा प्लग आणि वायरी बदलल्या, तिसऱ्यांदा म्हणाला "साहेब नवीन काम हाय, टाईट हाय, हजार किमी होऊ दे मोकळी हुईल, ४० च्या वर नेऊ नका." आत्ता ४२० झालेत. थांबू का? का काहीतरी चुकलंय? मला पाना धरता येतो, पण इंजिन खोलायची ताकद नाही.

जाळधूर_संगट

भावा ते इथेनॉलवालं पेट्रोल. ऊस आपला, इथेनॉल आपलं आणि बंद पडणारी गाडी पण आपलीच 😂 जुन्या कार्बोरेटरला ते मानवत नाही, जेट मोठं टाक.

पेठेतला_झेनवाला

पण मर्दा काम करायच्या आधी त्याच पंपावरचं तेच पेट्रोल घालत होतो की, तेव्हा धूर मारत का होईना पन्हाळा तिसऱ्यावर चढायची.

कागलकर

मी मिस्त्रीच्या बाजूनं. माझ्या एस्टीमचं काम केलं तेव्हा पहिले ७००-८०० किमी असंच वाटायचं, नंतर मोकळी झाली. नवीन रिंगा बोअरला घासून बसायला वेळ लागतो. फक्त ते ४० च्या वर नेऊ नका हे मात्र चूक सांगितलंय. हळू हळू चालवून रिंगा बसतच नाहीत, त्यांना मागनं गॅसचा दाब लागतो तेव्हा त्या भिंतीला दाबून बसतात. हायवेला जा, तिसऱ्या चौथ्यात ५० वरनं ८० पर्यंत अंगठ्यानं दाबल्यासारखी रेस देत ने, मग पाय काढून इंजिनवर हळू होऊ दे, असं पंधरावीस वेळा. ताणू नको आणि एकाच स्पीडला तासभर पण नको. आणि ऑइल बदललंस का पहिलं?

पेठेतला_झेनवाला

ऑइल ३०० ला बदललं, साधं मिनरल २०डब्ल्यू५०. बारीक चकाकी होती त्यात, पण मिस्त्री म्हणाला पहिल्या ऑइलला असतंय.

उद्यमनगर_बोअरिंग

पहिल्या ऑइलला चकाकी असते, बरोबर आहे. पण बाकीचं पटलं नाही, कागलकर राग मानू नका.

आमच्या वडलांच्या पिढीनं इथं ऑइल इंजिनं बनवली, मी चाळीस वर्षं बोअर आणि होनिंग करतोय, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे. रनिंगमधलं इंजिन जड असतं, मंद नसतं. हा फरक बघा. जड म्हणजे सेल्फला जोर लागतो, बंद केलं की खटकन थांबतं, थोडं जास्त तापतं. पण रेस दिल्यावर कार्बोरेटरमधनं फटका मारणं हे रिंगांचं काम नव्हे. फटका कार्बोरेटरमधनं येतो म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना आत जाळ आहे. एकतर स्पार्क चुकीच्या वेळी, नाहीतर व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी, नाहीतर कुठंतरी हवा ओढतंय आणि मिश्रण पातळ झालंय. ह्या तीनपैकी एकही गोष्ट हजार किमीनं आपोआप बरी होत नसते.

आणि काम केल्यानंतर बिघाड आला तर काम केलेल्या जागेतच शोधायचा. जिथं पाना लागला नाही तिथं कशाला जायचं. तुमच्या मिस्त्रीनं प्लग, वायरी, कार्बोरेटर बघितला, ते आधी पण होतेच की. नवीन काय झालं? हेड उतरलं, व्हॉल्व्ह घासले, बेल्ट चढवला, डेल्को (प्लगांना वेळेवर स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर) काढून बसवला, मॅनिफोल्डचं पॅकिंग बदललं. शोध तिथं घ्या.

बाळा आता काही खोलू नको, आधी मोज. कॉम्प्रेशन गेज पाचसातशेला मिळतो. गाडी गरम करून चारही प्लग काढ, डेल्कोकडं जाणारी कॉइलची वायर काढून बाजूला बांध, बॅटरी भरलेली पाहिजे, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरायला कुणालातरी बसव. लोक तेवढंच विसरतात आणि बंद थ्रॉटलवर आकडा कमी आला म्हणून रडत येतात. पाचसहा दणके होऊ दे. चारी आकडे लिही. मग प्रत्येकात प्लगच्या भोकातनं एक चमचा ऑइल सोडून परत घे, ते आकडे पण लिही. आकडे आल्यावर बोलू.

जाळधूर_संगट

काकांनी लिहिलंय तर आता मस्करी बंद. पाना लागलेल्या जागेवरनं माझी आठवण. आमच्या ओम्नीचं इंजिन उतरवून बांधलं, चढवताना इंजिनची अर्थिंगची पट्टी लावायचीच राहिली. सेल्फ मेल्यागत फिरायचा, आम्ही नवी बॅटरी घेतली, सेल्फ बांधून घेतला, आणि एक दिवस चोकची केबल हाताला चटका देईल एवढी तापली. करंटला परत जायला वाट नाही म्हणून तो केबलमधनं जात होता! दोनशे रुपयाची पट्टी आणि आम्ही साडेपाच हजार घालवले. तुझा सेल्फ मारमार मारतोय म्हणालास, बॉनेट उघडून ती पट्टी आहे का बघ आधी.

पेठेतला_झेनवाला

पट्टी आहे, घट्ट आहे, टोकं घासून परत लावली. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन उशिरा उठतं असं म्हणायचं होतं. काका गेज आणला, शनिवारी करतो.

पेठेतला_झेनवाला

केलं. बायकोला ॲक्सिलेटर दाबून बसवलं, आता ती म्हणते एवढा वेळ बसून साडी झाली असती.

पहिला १३२, दुसरा १२८, तिसरा १३०, चौथा १३१ पीएसआय. ऑइल घालून १४०, १३७, १३९, १४०.

शेजारच्या पोराकडं व्हॅक्यूम गेज होता तो पण मॅनिफोल्डला लावला, स्लोला १३ इंचावर, काटा हलत नाही, स्थिर, फोटो टाकलाय. नेटवर बघितलं तर १७ ते २१ पाहिजे म्हणे.

कागलकर

बघा, कॉम्प्रेशन कमीच आहे. रिंगा बसल्या नाहीत अजून. मी तेच म्हणत होतो.

उद्यमनगर_बोअरिंग

रिंगा बसल्या नसत्या तर ऑइल घातल्यावर आकडा चांगला तीसचाळीसनं उडाला असता, कारण ऑइल रिंगेची फट भरून काढतं. इथं आठनऊनं वाढलाय, तेवढा चांगल्या इंजिनात पण वाढतो. आणि बघा, चारी आकडे कसे जुळे भावंडांसारखे. रिंगा, व्हॉल्व्ह, पॅकिंग यातलं काही गेलं तर एखादा सिलिंडर मागं पडतो, हेडचं पॅकिंग मधनं उडालं तर शेजारचे दोन पडतात. चौघं एकदम सारखेच कमी, म्हणजे दोष चौघांना सामाईक असलेल्या वस्तूत.

व्हॅक्यूमचं पण तसंच. १७ ते २१ हा समुद्रसपाटीचा आकडा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे, हजार फुटाला साधारण इंचभर कमी होतो, म्हणजे आपल्याला १५ ते १९ धरायचा. १३ त्याच्याही खाली. व्हॉल्व्ह जळला असता तर काटा थरथरला असता, हा गप बसलाय.

माझ्या मते टॅपेट, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) आणि व्हॉल्व्हची दांडी यातली फट. व्हॉल्व्ह आणि सीट घासली की व्हॉल्व्ह आत जातो आणि त्याची दांडी वर येते, फट कमी होते. मिस्त्रीनं सगळी टॅपेट एकाच अंदाजानं घट्ट बांधली असतील. थंड इंजिनवर फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, घालून बघ.

पार्टवाली_ताई

काका, माफ करा मध्येच बोलते. आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, गेली बारा वर्षं काउंटरला मीच असते, त्यामुळे मिस्त्री लोकांच्या गमती रोज ऐकते.

झेनवाले दादा, तुम्ही व्हॅक्यूमचा जो फोटो टाकलाय तो गेजसाठी नका बघू, मागं डावीकडं डेल्को दिसतोय तो बघा. त्याच्या बोल्टाची लांबट खाच असते ना, बोल्ट त्या खाचेच्या अगदी टोकाला आहे. डेल्को जेवढा फिरवता येतो तेवढा पूर्ण फिरवून बांधलाय. सरळ गाडीत बोल्ट खाचेच्या मधे कुठंतरी असतो. ह्या इंजिनात डेल्को कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकावर फिरतो. कॅम जर मागं राहिला तर त्याच्याबरोबर स्पार्क पण मागं राहतो. मिस्त्रीला गाडी उठत नाही दिसल्यावर त्यानं डेल्को ॲडव्हान्स करत नेला, करत नेला, खाच संपली तिथं बांधून टाकला. स्पार्क थोडा जागेवर आला म्हणून गाडी चालायला लागली, पण व्हॉल्व्ह अजून उशिराच उघडतात आणि उशिराच मिटतात. इनटेक उशिरा मिटला की पिस्टन वर येताना भरलेली हवा थोडी परत बाहेर ढकलतो, म्हणून चारही कॉम्प्रेशन सारखी कमी. आणि स्पार्क पूर्ण भरून निघाला नाही म्हणून तापते पण.

कॅमला क्रँकशी (पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा) जोडणारा टायमिंग बेल्ट एक दात चुकलाय असं मला वाटतं. टॅपेट पण बघा, काकांचं चूक असेल असं नाही.

उद्यमनगर_बोअरिंग

पोरी शाब्बास. मी फोटोत फक्त काटा बघत बसलो. 🙏

आता बेल्ट कव्हर न खोलता खात्री करायची युक्ती सांगतो. टॅपेट कव्हर तर उघडायचंच आहे. क्रँकच्या बोल्टाला पाना लावून इंजिन सरळ दिशेनं हातानं फिरव, प्लग काढलेले असले की सहज फिरतं. पहिल्या सिलिंडरच्या भोकात एक लांब स्क्रू ड्रायव्हर उभा सोड, पिस्टन सगळ्यात वर आला की कळतं, पुलीवरची खूण पण टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याच्या जागेला, येते. असं दोनदा येतं. एकदा पहिल्याचे दोन्ही रॉकर ढिले असतात, दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनटेक उघडायला लागलेला असतो, दोघांचा अदलाबदलीचा क्षण. ह्या दुसऱ्या जागेवर थांब. कॅम जागेवर असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह जवळपास सारखेच थोडेसे दाबलेले दिसतील. एक्झॉस्ट अजून चांगला उघडा आहे आणि इनटेक हललाच नाही असं दिसलं तर कॅम मागं आहे, ताईचं बरोबर.

पेठेतला_झेनवाला

काका ताई तुम्हा दोघांना साष्टांग. एक्झॉस्ट डोळ्यांनी दिसतोय एवढा दाबलेला आणि इनटेकचा रॉकर हातानं खुळखुळतोय!!

काल धीर करून शेजारच्या पोराला मदतीला घेऊन कव्हर पण काढलं. क्रँकच्या छोट्या दातेरी पुलीची खूण ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या खुणेसमोर आणली, आणि वर कॅमच्या पुलीची खूण बरोबर एक दात मागं. फोटो काढून मिस्त्रीला पाठवला. पाच मिनिटं दोन निळ्या खुणा नुसत्या. मग फोन आला, "बेल्ट उडी मारला असल." मी म्हटलं उडी मारला असेल तर डेल्को टोकाला कुणी नेला. मग गप. पण माणूस वाईट नाही, म्हणाला आणा गाडी, पैसे घेत नाही.

गाडी नेली नाही, आता भीती वाटते. इथंच बसवतो. नेमकं कसं चुकतं हे? मी पण तीच चूक करायला नको.

उद्यमनगर_बोअरिंग

बहुतेक वेळा असं होतं. दोन्ही खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, तो ज्या बाजूला टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) नाही त्या बाजूला ढिला राहिला, आणि टेन्शनरचा बोल्ट आवळला. खुणा जुळलेल्याच दिसतात. पण इंजिन फिरल्यावर ती ढिलाई ओढली जाते आणि कॅम एक दात मागं उरतो. म्हणून टेन्शनर नसलेली बाजू आधी ताठ ठेवून बेल्ट चढवायचा, सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला आणायची, टेन्शनर ढिला ठेवून त्याच्या स्प्रिंगला ओढू द्यायचं, क्रँक हातानं सरळ दिशेनं दोन पूर्ण फेरे फिरवायचा, मग बोल्ट आवळायचा आणि खुणा परत बघायच्या. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, म्हणून दोन. ते दोन फेरे घाईत राहतात, बाकी काही नाही. आणि फिरवताना कुठं अडलं तर जोर लावू नको, सेल्फ तर मारूच नको.

एक दात म्हणजे क्रँकचे पंधरावीस अंश, कमी समजू नको.

मग डेल्को खाचेच्या मधे आणून टायमिंग लाइटनं स्पार्क लाव. लाइट नसेल तर पार्टवाल्या ताईंकडं भाड्यानं मिळतो का बघ 😄

पार्टवाली_ताई

भाड्यानं नाही, चहावर मिळतो. टायमिंग बघताना डेल्कोची व्हॅक्यूम नळी काढून बंद करायची, नाहीतर आकडा चुकतो.

पेठेतला_झेनवाला

झालं मंडळी.

बेल्ट बसवला, दोन नाही चार फेरे फिरवले, घाबरून. टॅपेट मोजली तर काका, तिसऱ्याचा एक्झॉस्ट खरंच टाईट होता, फिलरचं पातं आतच जाईना. तेवढ्यात राहिला असता तर काही महिन्यात जळला असता म्हणे. आठही सेट केली. कॉम्प्रेशन आता १६१, १५८, १६०, १६२. व्हॅक्यूम साडेसतरा. डेल्कोचा बोल्ट खाचेच्या जवळजवळ मधोमध.

सकाळी अर्ध्या सेल्फला उठली. रविवारी परत चौघं आणि एक डबा मिसळ घेऊन पन्हाळा, वाघबीळ तिसऱ्यावर एसी चालू ठेवून. काटा मधेच. टमटमवाला दिसला नाही, नाहीतर आज त्याला दाखवलं असतं.

कागलकर

मानलं. माझी एस्टीम "मोकळी" झाली तेव्हा मिस्त्रीनं मधे एकदा बेल्ट बदलला होता हे आत्ता आठवलं, म्हणजे ते पण रनिंग नव्हतंच की काय 🤦

जाळधूर_संगट

नाद खुळा भावा. फक्त मिसळ डब्यात नेलीस हे काय बरं केलं नाहीस, पाव भिजून गेले असतील.

पेठेतला_झेनवाला

पाव वेगळे नेले होते रे. बरं एक राहिलं, कॅमच्या ऑइल सीलपाशी किंचित ओल दिसतेय कव्हरच्या आत. बेल्टला लागली नाही अजून. काका?

उद्यमनगर_बोअरिंग

पुसून कोरडं कर, दोनशे किमीनं बघ. परत ओल आली तर सील तिरकं बसलंय, बदल. तेलात भिजलेला बेल्ट ठेवू नको, तो फुगतो आणि दात सोडतो. आणि ह्या वेळी खुणा तूच बघ, मिस्त्री नाही.